मानाचा जिताडा

अप्पांच्या हातातून चहाची बशी निसटली तेव्हा यशोदाबाईंनी आधी काय केलं असेल, तर पुढे होऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला. उगाच खोटं कशाला बोला? दारूबंदीचे दिवस होते, गिरगावात परमिटवाले कमी आणि बिनपरमिटवाले जास्त, आणि वाडीतल्या बायका तर जिना उतरणाऱ्याच्या पावलांवरून त्याच्या पोटात काय आहे ते सांगायच्या. त्याच आठवड्यात अप्पा जिन्यात अडखळले होते आणि खालच्या बकुळाने ते पाहिलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीने पाहिलं होतं. पण वास आला तो नुसता चहाचा आणि वेलचीचा. यशोदाबाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दारू असती तर चार शिव्या घालून प्रश्न मिटवता आला असता.

बशीनंतर कोटाची बटणं झाली. गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस, ज्याचं अक्षर साहेब लोक एकमेकांना दाखवायचे, तो आता आरशासमोर उभा राहून एका बटणाशी झटापट करत होता. "बोटांना मुंग्या येतात गं," अप्पा म्हणाले, आणि हसायला लागले. यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

संशय हा यशोदाबाईंचा जुना उद्योग. दूधवाला पाणी घालतो, परीट नवी चादर बदलून जुनी आणतो, कोळीण कल्ल्यांना रंग लावते, असं त्यांना रोज काहीतरी वाटत असे. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा त्यांचंच खरं निघायचं, म्हणून तर ही खोड गेली नाही. पण ह्या वेळी गोष्ट परटाची नव्हती. घरात दुर्गा होती.

दुर्गा म्हणजे त्यांची लेक, माझगावला दिलेली. दोनदा दिवस राहून दोनदा सगळं वाया गेलं होतं. ह्या खेपेला दिवस गेल्याचं कळलं आणि यशोदाबाई स्वतः जाऊन, व्याह्यांशी दोन शब्द होऊन, तिला तिसऱ्या महिन्यातच माहेरी घेऊन आल्या. पाणी उचलायचं नाही, जिना उतरायचा नाही, मन मोडायचं नाही. हे बाळ सुखरूप हातात घेईपर्यंत आपल्याला झोप लागणार नाही, हे त्यांनी प्रभादेवीला सांगून टाकलं होतं. आणि आता त्याच घरात, त्याच चुलीवरचं खाऊन, नवरा बटणं विसरायला लागला होता. घरात काहीतरी शिरलं होतं. ते दुर्गेच्या ताटापर्यंत पोचता कामा नये, एवढंच यशोदाबाईंना दिसत होतं.

तर ताटाचं सांगायला हवं. धराधरांचं घर म्हणजे जुनं परभी, पाठारे प्रभूंचं घर. आजोबा-पणजोबांनी ठाण्याच्या खाडीपलीकडे थोडी भातजमीन आणि खाजण राखलं होतं. भाताची जमीन कूळकायद्यात कसणाऱ्या रामूच्या नावावर गेली, ते ठीक झालं. पण खाजणातल्या तळ्यात भरतीचं पाणी घेऊन वाढवलेले जिताडे रामू पूर्वीसारखेच आणत राहिला. कायद्याने त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अप्पांनी त्याच्या पोराला गोदीत चिकटवलं होतं, ते तो विसरला नव्हता, एवढंच. रविवारी सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हातभर जिताडा घेऊन तो जिन्यावर हजर, आणि पुढचे तीन-चार दिवस घरात त्याचंच राज्य. सोमवार तेवढा सोडायचा. भुजणं, खडखडलं, उरलेल्या तुकड्या तळून. बाजारात सरंगे होते, रावस होता, घोळ होती. पण ते समुद्राचं, पैसे टाकून कोणालाही मिळणारं. जिताडा घरचा.

आणि त्याला रीत होती. डोकं घरच्या कर्त्याला. पोटाकडच्या चरबीच्या तुकड्या माहेरवाशिणीला, आणि ती पोटुशी असली तर मागेल तेवढ्या. सुनेला मात्र पहिलं मूल झाल्याखेरीज मानाचा जिताडा नाही. तोवर तिने बोंबील, मांदेली, बाजारातलं काय ते खावं. यशोदाबाईंनी स्वतः पहिली तुकडी खाल्ली होती ती थोरल्या मुलाच्या, मनमोहनच्या बारशाला. सासू वारली त्यालाही आता वर्षं लोटली, पण रीत राहिली.

स्वतः यशोदाबाई सध्या काहीच खात नव्हत्या, म्हणजे मासळी. छप्पन सालात गोळीबार झाला त्या दिवशी मनमोहन मोर्च्यात होता आणि दिवेलागणीपर्यंत घरी आला नव्हता. तेव्हा त्यांनी देवीपुढे पदर पसरला, की पोर धडधाकट येऊ दे, मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. मनमोहन तासाभरात आला, चप्पल हरवून आला. मुंबईला मात्र चार वर्षं लागली. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे अशा हिशेबाने नवस बोललेल्या बाईने चार वर्षं दुसऱ्यांची भुजणी चाखल्यावाचून रांधली, मीठ नुसतं वासावर ओळखून. परभी बाईला ह्याहून मोठा तुरुंगवास नाही.

त्याच मोर्च्यांतून मनमोहनने बायको आणली. कालिंदी, दादरच्या चिंतामणी दिघ्यांची मुलगी, कायस्थांची. आता कायस्थ काही मासळीत कमी नाहीत, पण तेच तर होतं ना. लग्न होऊन आठवडा नाही झाला तर ही म्हणते, "आमच्याकडे खडखडल्यात हळद थोडी कमी घालतात, आई." यशोदाबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर हळदीचा विषय निघाला नाही, पण यशोदाबाई तो विसरल्याही नाहीत.

मनमोहनने तर कहर केला. सुनेला जिताडा नाही हे पहिल्या रविवारी कळलं तेव्हा त्याने आपलं ताट पुढे सारलं. "हिला नाही तर मलाही नको," म्हणाला, "मी बोंबील खातो." तेव्हापासून नवरा-बायको एका बाजूला बोंबील खात बसायची आणि अप्पा नि दुर्गा दुसऱ्या बाजूला जिताडा.

आता यशोदाबाईंच्या जागी बसून बघा. पोटऱ्या लटपटणारा नवरा समोर, आणि दोन माणसं अशी की जी त्याच्या ताटातलं शिवत नाहीत. आधी ते मानाचं वाटत होतं. आता ते वेगळंच वाटायला लागलं.

मग चिमी बिघडली. चिमी म्हणजे घरातली मांजर, मागच्या पडवीत माशाचे काटे आणि आतडी खाऊन गोल झालेली. एका सकाळी ती जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. भिंतीवर डोकं आपटायची, पुढचे पाय फाकून पडायची, उठून पुन्हा गिरकी. दुर्गा आधी हसली आणि मग तोंडावर पदर घेऊन आत गेली. तिसऱ्या दिवशी चिमी पडवीच्या नळाशी मरून पडली होती. कालिंदीने तिला जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि डोळे पुसले.

"तू काय घातलं होतंस तिला?" यशोदाबाईंनी विचारलं.

"मी? काही नाही, आई. जिताड्याचे काटे, नेहमीसारखे."

रडते आहे ती मांजरासाठी की आणखी कशासाठी, हे यशोदाबाई तिच्या पाठीकडे बघत ठरवत राहिल्या.

गुरुदत्त म्हणजे अप्पांचा पुतण्या, परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. तो आला, अप्पांना नाकावर बोट ठेवायला लावलं, ते गालावर ठेवलं गेलं. बाजूने पेन्सिल आणली, ती अप्पांना अगदी समोर येईपर्यंत दिसलीच नाही. गुरुदत्तने केस कापून घेतले, लघवी बाटलीत घेतली आणि गेला. पुढच्या खेपेला त्याने यशोदाबाईंना गॅलरीत बोलावलं.

"काकी, अप्पांच्या अंगात पारा सापडलाय."

"पारा? थर्मामीटरातला?"

"त्याच जातीचा. पोटात जातोय कुठून तरी. अप्पा काही घेतात का? भस्म, मात्रा, कुणा वैद्याची पुडी?"

"नाही," यशोदाबाई म्हणाल्या, आणि गॅलरीचा कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या.

कारण त्यांना दादरचं दुकान आठवलं. लग्नाची बोलणी करायला गेले होते तेव्हा चिंतामणी दिघ्यांनी कौतुकाने आपलं औषधालय दाखवलं होतं. काळ्या दगडी खलात एक चकाकता गोळा इकडून तिकडे पळत होता. "पारा," दिघे म्हणाले होते, "नुसता पोटात गेला तर घात करतो. गंधकाबरोबर घोटून घोटून शुद्ध करावा लागतो." व्याह्यांना दुकानात नेऊन असं कोण दाखवतं, असं तेव्हाच यशोदाबाईंना वाटलं होतं. बोंबील खाणारी सून, मेलेली मांजर आणि बापाच्या खलातला पारा. आणखी काय हवं होतं?

कालिंदी बाजारात गेली तशी त्यांनी तिची ट्रंक उघडली. शेवटच्या पातळाखाली एक बाटली निघाली, काळपट गोळ्यांची, लाखेने तोंड बंद केलेली आणि उघडून पुन्हा बूच लावलेली. यशोदाबाईंनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि मनमोहन घरी येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. जे काय व्हायचं ते त्याच्यासमोर व्हावं.

"हे काय आहे?" त्यांनी जेवायच्या पाटापुढे बाटली ठेवली.

कालिंदी लाल झाली. मनमोहनकडे बघेना. "माझ्यासाठी आहे," ती हळू म्हणाली. "बाबांनी दिलंय. मूल व्हावं म्हणून."

"पारा आहे त्यात?"

"नाही."

"कशावरून?"

मनमोहन उठायला लागला, पण कालिंदीने त्याला हाताने थांबवलं. तिने बूच काढलं, ओंजळीत चार-पाच गोळ्या घेतल्या आणि सासूच्या डोळ्यांत बघत पाण्याबरोबर गिळून टाकल्या. "ह्यावरून," ती म्हणाली. "आणि आई, मी अप्पांना काही दिलं असतं तर त्यांच्यासाठी गुरुदत्त भावोजींना बोलवा म्हणून महिनाभर तुमच्या मागे कशाला लागले असते?"

ते खरंच होतं. पण संशय एकदा घरात पाय पसरून बसला की त्याला खरं-खोटं कोण विचारतो? "दुर्गेचं बाळ हातात येईपर्यंत तू दादरला राहा," यशोदाबाई म्हणाल्या. "मला माझ्या मुलीचं बघायचंय." दुर्गा दारात उभी होती, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मनमोहनने कालिंदीची बॅग उचलली, मग आत जाऊन स्वतःचीही भरली. जाताना आईच्या पाया पडला नाही. चार वर्षांपूर्वी गोळीबाराच्या दिवशी ज्याची वाट बघत त्या उभ्या होत्या, तोच मुलगा त्याच दारातून बायकोबरोबर निघून गेला, आणि यशोदाबाईंचा जीव तुटला. पण त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघराचा किल्ला केला. पाणी स्वतः भरायचं, स्वतः उकळायचं. पीठ डोळ्यांदेखत दळून आणायचं. दुधाच्या भांड्यावर कोण वाकतं ते बघायचं. फडताळाच्या कडीला काळा दोरा बांधून ठेवायच्या आणि सकाळी गाठ तशीच आहे की नाही ते चष्मा लावून पाहायच्या. कामाला येणारी गंगुबाई वैतागली. "बाई, माझ्यावर वहीम असेल तर सरळ सांगा," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही," यशोदाबाई म्हणाल्या आणि तिच्यामागोमाग मोरीपर्यंत गेल्या.

आणि रविवारी जिताडा येत होता. आता तर त्याची जास्तच गरज होती. अप्पांना ताकद यायला हवी, दुर्गेच्या बाळाला बळ यायला हवं. दोन माणसं कमी झाली होती, पण जिताड्याच्या खाणाऱ्यांत फरक नव्हता. अप्पांना आता घास तोंडापर्यंत नेता येईना, म्हणून यशोदाबाई स्वतः काटा काढून, डोक्यातला मऊ भाग बोटांनी सोडवून भरवायच्या. अप्पांचे शब्द जड झाले होते, लोळत यायचे, तरी एकदा म्हणाले, "तू... खाल्लं नाहीस... किती वर्षं." यशोदाबाईंना भडभडून आलं. दुर्गेला मात्र देवाने भूक दिली होती. "आई, आणखी एक तुकडी," ती म्हणायची, आणि तेवढं ऐकून यशोदाबाईंचा दिवस चांगला जायचा. तिचा रंग उजळला होता, केस दाट झाले होते. हात स्थिर, पाय स्थिर. त्या रोज तिला सुईत दोरा ओवायला सांगायच्या आणि ती एका झटक्यात ओवून हसायची.

पण अप्पा खालावत होते. कालिंदी जाऊन दोन महिने होत आले, तिची सावलीसुद्धा ह्या घरावर पडली नव्हती, आणि अप्पा आता भिंत धरूनही उभे राहत नव्हते. ही गोष्ट यशोदाबाईंच्या हिशेबात बसेना. आधीचा पारा आता अंगात भिनतोय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग वाटलं, कोणी चोरून आणून घालतंय. पण कोण? दोरा तसाच. गाठ तशीच. घरात चुलीपाशी जाणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते त्या स्वतः. आयुष्यात पहिल्यांदा यशोदाबाईंना संशय घ्यायला माणूस सापडेना.

पुढच्या रविवारी गंगुबाई आली नव्हती, म्हणून जिन्यावरून मासा घ्यायला त्या स्वतः गेल्या. रामूला बऱ्याच दिवसांत त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. तो वाळला होता. त्यांनी त्याला पडवीत बसवून चहा दिला. त्याने कप उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि कप कडेने कलंडून चहा धोतरावर सांडला. बशी फरशीवर पडून फुटली. अगदी तशीच, जशी ह्या घरात पहिली बशी फुटली होती.

"माफ करा, बायसाब," रामू शरमून म्हणाला. "हाताचा काय खरा नाय रायला."

यशोदाबाई खालीच बसल्या. "कधीपासून रे?"

"दिवाली झाली तवापसून. बोटांना मुंग्या येतान. बाजूचा दिसत नाय नीट."

"आणि मांजरं? तुमच्या गावची मांजरं?"

रामूने वर पाहिलं. हिला कसं कळलं, असं त्याच्या तोंडावर होतं. "एक नाय रायला, बायसाब. नाचून नाचून मेली सगली. लोकं बोलतान देवीचा कोप हाय."

"तुम्ही खाता काय तिकडे?"

"काय खानार? खाडीतलाच म्हावरा. मोठा तुमाला, बारका आमाला." मग जरा थांबून म्हणाला, "पानी पन बदललाय. सोड्याचा कारखाना झाला ना नवा, त्याचा पाइप आपल्याच उघाडीजवल, पानी घेतो त्या दाराशी सोडलाय. भरती आली का ता समदा तलावात येतो."

कालिंदीचा हात कितीही लांब असता तरी खाडीपलीकडच्या रामूच्या ताटापर्यंत पोचला नसता. यशोदाबाई गोणपाटातल्या जिताड्याकडे बघत राहिल्या. मोठा होता, चकचकीत, डोळा काचेसारखा स्वच्छ. कल्ले लालभडक. पिढ्यान् पिढ्या मासळी पारखणाऱ्या घराण्याला त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

गुरुदत्त धावत आला आणि ऐकता ऐकता त्याने कपाळावर हात मारून घेतला. "मी मूर्ख. भस्मं विचारली, पुड्या विचारल्या, मासा विचारला नाही. परभ्याच्या घरात मासा काय विचारायचा, तो असणारच!" मग त्याने समजावून सांगितलं. सोडा करायला कारखान्यात पारा वापरतात. तो पाण्याबरोबर खाडीत जातो, चिखलात बसतो. चिखलातलं किडूकमिडूक बारकी मासळी खाते, बारक्या मासळीला जिताडा खातो, आणि सगळ्यांचा पारा त्याच्या एकट्याच्या अंगात साठतो. जितका मोठा आणि जुना जिताडा, तितका जास्त. समुद्र अफाट, तिथला सरंगा, तिथला बोंबील त्यामानाने निर्धास्त. जपानात एका खाडीकाठच्या गावात असंच झाल्याचं त्याने वाचलं होतं. तिथेही मांजरं आधी नाचली होती.

"म्हणजे मीच," यशोदाबाई म्हणाल्या. "मी भरवला."

"काकी, तुला काय माहीत?"

"दोरा बांधत होते रे मी फडताळाला. आणि हाताने काटे काढून भरवत होते." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच काढला. "दुर्गेला बघ. आधी दुर्गेला बघ."

गुरुदत्तने दुर्गेला नाकावर बोट ठेवायला लावलं, सरळ रेषेत चालवलं, दोन्ही बाजूंनी पेन्सिल आणून पाहिली. ती प्रत्येक वेळी हसत होती. "हिला काही नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहे. तरणं शरीर, निभावलं. पण आता एक तुकडीही नाही." यशोदाबाईंनी देवासमोर साखर ठेवली. गुरुदत्त आणि रामू तालुक्याच्या साहेबाकडे जायचं ठरवायला लागले, ते त्यांनी नीट ऐकलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या दादरला गेल्या. सगळीकडे कमानी उभ्या राहत होत्या, पताका लागत होत्या; महाराष्ट्राचं राज्य आता आठवड्यावर आलं होतं. दार आनंदीबाईंनी, म्हणजे कालिंदीच्या आईने उघडलं आणि या-बसा न म्हणता आत हाक मारली. त्याबद्दल तिला कोण दोष देणार? कालिंदी आली. यशोदाबाईंनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "घरी चल. स्वयंपाकघर तुझं."

कालिंदीने किल्ली घेतली, पण डोळे कोरडेच होते. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "आणि दुर्गाताई? अप्पांपेक्षा जास्त त्याच खायच्या."

"तिला काही नाही. गुरुदत्तने बघितलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," यशोदाबाई ठसक्यात म्हणाल्या. पण परत येताना ट्राममध्ये तो प्रश्न त्यांच्या शेजारी बसून गिरगावपर्यंत आला.

राज्य व्हायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी धराधरांच्या गॅलरीत कंदील लागला. मनमोहनने तो लावला. आईशी अजून मोजकंच बोलत होता, पण बोलत होता. अप्पांना आरामखुर्चीत बसवून बाहेरची रोषणाई दाखवली होती. त्यांना समोरचे दिवे दिसत होते, बाजूचे नाही. स्वयंपाकघरातून सरंग्याचं भुजणं दरवळत होतं. बाजारातला, समुद्राचा सरंगा. यशोदाबाईंचा नवस उद्या सुटायचा, पण कालिंदीने देवीला विचारून टाकलं होतं की आज दिवेलागणीला चालेल का, आणि देवीने नाही म्हटलं नव्हतं. चार वर्षांनी पहिल्यांदा यशोदाबाईंना भूक लागली होती.

दुर्गा गॅलरीत भिंतीला उशी लावून बसली होती, दोन्ही हात पोटावर. रस्त्यावर लेझीम चालली होती, ताशा कडाडत होता.

"किती आवाज हा," यशोदाबाई शेजारी टेकत म्हणाल्या. "बाळ दचकत असेल गं."

"छे. हा कुठला दचकतोय," दुर्गा कौतुकाने म्हणाली. "फार गुणी आहे, आई. आधी लाथा मारून मारून झोपू द्यायचा नाही. आता महिनाभर बघतेय, कसा शांत पडून असतो."

खाली ताशा वाजत होता. अप्पांच्या वाट्याचं अप्पांना भोवलं होतं. रामूच्या वाट्याचं रामूला. मांजराने नुसते काटे खाल्ले तर ते नाचून मेलं. आणि ही पोर पाच महिने सगळ्यांहून जास्त खात होती, त्यांच्याच हातून, आणि हिच्या बोटांना साधी मुंगी आली नव्हती. मग हिच्या वाट्याचं गेलं कुठे? घरात आलेला चांगला घास आई नेहमी कुणाला देते, हे यशोदाबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी लेकीच्या पोटावर हात ठेवला.

"आई, ताट वाढलंय," आतून कालिंदीची हाक आली. "नवस सोडायला चला."

"आले हं," यशोदाबाई म्हणाल्या, पण हात काढला नाही. त्यांनी तो जरा बाजूला सरकवला, थोडा दाबला, आणि वाट बघत बसल्या.